तिचं ऐकायला तिच्यासारखीच हवी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत महिला विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आमच्या महिला विभागाला दरवर्षी एक संध्याकाळ मिळते. आजवर आम्ही मधुमेह, इच्छापत्र, संतवाङ्मय, गुडघेदुखी असे विषय दिले आणि सभागृह भरलं. यंदाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा दोघा-तिघांचे फोन आले, "सणासुदीत हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर भाषणात येईलच.

बोलायला एक जण उभी असली तरी मजकूर आम्हा पाच जणींचा आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो. आणखी एक. ज्या मुलींबद्दल बोलणार आहोत त्यांची नावं, गावं सांगणार नाही. कायद्याने तशी मनाई आहेच, पण त्यांनीही आम्हाला बजावलं आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींच्या काही गोष्टी आम्ही इकडच्या तिकडे केल्या आहेत.

साधारण चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, शहरातल्या मुलींच्या एका बालगृहातून मंडळाच्या कार्यालयात फोन आला. बाल कल्याण समितीने त्यांच्याकडे एक मुलगी पाठवली होती. गुजराती कळत असावं पण बोलत नव्हती. मराठीसारखं काहीतरी पुटपुटत होती. तुमच्यापैकी कोणी बेन येऊन बोलतील का, असा निरोप. कार्यालयातल्या काकांनी तो आमच्या भिशीत आणून दिला. एकीने जाऊन भागलं असतं, पण आम्ही पाचही जणी निघालो. सोबत चिवडा, खारी, रंगीत खडू आणि नातवंडांचे न होणारे फ्रॉक.

मुलगी अकरा-बारा वर्षांची. नंदुरबारकडची. एका शहरात, एका फ्लॅटमध्ये दोन वर्षं बाळ सांभाळायला आणि वरकामाला होती. भावाच्या दुखण्यात बापाने उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत तिने राहायचं असं ठरलेलं. किती फिटली, किती उरली, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. केस अगदी बारीक कापलेले, कारण त्या घरात उवांचा त्रास नको होता. बसायची ती दाराजवळ.

आमची दांडिया बाजारची मराठी तिला समजेना आणि तिची भिलोरी आम्हाला. तरी आम्ही विचारत राहिलो. नाव काय? गाव कोणतं? कोणाकडे होतीस? मारायचे का? पोटभर द्यायचे का? तिने मान खाली घालून तीनच शब्द उच्चारले, "चांगले होते ते." चहा झाला. आमचे कप खाली ठेवले न ठेवले तोच तिने पाचही कप उचलले, नळाखाली धुतले आणि पालथे घातले. आम्ही एकमेकींकडे बघून म्हणालो, "किती गुणी पोर आहे!"

हे वाक्य आम्ही मुद्दाम तुमच्यासमोर म्हणून दाखवतो आहोत. त्या दिवशी आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते ताईंना. या ताई समाजकार्याच्या शिक्षणातून निवृत्त झालेल्या आहेत, आणि बालगृहातल्या मुलींच्या समुपदेशनासाठी आठवड्यातून दोनदा येतात. आपल्या विद्यापीठात १९४९ पासून समाजकार्याचं शिक्षण मिळतं, देशातल्या जुन्या विभागांत त्याची गणना होते, पण आपल्यापैकी किती जणांनी त्या इमारतीची पायरी चढली असेल? असो. ताईंनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही पाच जणी. हातात सोन्याच्या बांगड्या, डोळ्यांना चष्मे, इस्त्रीच्या साड्या. जरा तिच्या जागेवरून बघा. तुम्ही तिला कोण वाटलात?" आम्ही गप्प. मग त्याच म्हणाल्या, "शेठाणी. पाच शेठाण्या एकदम आल्या. ती दुसरं काय सांगणार? चांगले होते, हेच सांगणार."

तिच्या डाव्या हातावर सांडशीचा डाग होता, तो आम्हाला नंतर दिसला.

पुढच्या शनिवारी आम्ही फ्रॉकांच्या घड्या घालत एका कोपऱ्यात बसलो होतो. बालगृहातलीच एक मोठी मुलगी, अठरा पूर्ण झालेली, शिवणाचा कोर्स करणारी, लहान मुलींच्या वेण्या घालायला यायची. तीही नंदुरबारकडचीच. आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत तीही एका घरी कामाला होती. या नव्या मुलीचे केस वाढू लागले होते, त्यांत उवा झाल्या होत्या. मोठी फणी घेऊन तिच्या मागे बसली. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग मोठीने विचारलं, "रात्री झोपायला कुठे होतं तुला?"

"ओट्याखाली. सिलिंडरजवळ."

"माझं गॅलरीत. पावसात पाय आत ओढून घ्यावे लागायचे."

फणी चालू. मग धाकटी म्हणाली, "वास यायचा. मी कोणाला सांगितलं नाही." आणि ती बोलायला लागली. सगळं आम्हाला समजलं नाही, समजायची गरजही नव्हती. एक गोष्ट मात्र समजली. तिला त्या घरातल्या बाळाची आठवण येत होती. दोन वर्षं तिने त्याला कडेवर वागवलं होतं, ते तिच्याशिवाय जेवत नसे. आमच्यापुढे हे बोलली असती तर आम्ही काय म्हटलं असतं? "विसर ते आता, सुटलीस ना!" मोठी म्हणाली, "मलाही येते. आमचा मुन्ना आता शाळेत जात असेल." दोघी थोडा वेळ रडल्या आणि मग उवा काढण्याचं काम पुढे सुरू झालं.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे, पीअर काउन्सेलिंग. मराठीत समवयस्कांचं समुपदेशन म्हणतात, पण वय सारखं असणं हा त्यातला लहान भाग. ज्या वाटेने ही आली त्या वाटेने जी आधी येऊन गेली, तिने हिच्याशेजारी बसणं, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. शिकलेल्या समुपदेशकाची जागा ती घेत नाही. ताईंचं काम ताईंनाच करावं लागतं. पण ताईंपर्यंत पोचायला त्या मुलीला कोणीतरी दार उघडून द्यावं लागतं, आणि ते दार आमच्या हाताने उघडत नाही.

ही काही आजची युक्ती नाही. आपल्याच घरातलं उदाहरण आहे आणि त्याचा गुजरातशी थेट संबंध आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून अनाथ मुली व विधवा घेऊन केडगावला आल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. मग १८९९-१९०० मध्ये गुजरातेत तो भीषण दुष्काळ पडला, ज्याला इथली म्हातारी माणसं अजून छप्पनियो म्हणतात. त्या वेळी रमाबाईंच्या माणसांनी गुजरात-काठेवाडातून हजारावर मुली आणि बायका केडगावला आणल्या. इतक्या उपाशी, घाबरलेल्या, परक्या भाषेच्या मुली कोणी सांभाळल्या? पुष्कळसा भार आधी आलेल्या मुलींनी उचलला. ज्या स्वतः कोणाच्या तरी दारातून हाकललेल्या होत्या, त्यांनी नव्या आलेल्यांना न्हाऊ-माखू घातलं, अक्षर शिकवलं. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, आजही घरात वडीलधाऱ्यांसमोर हे नाव काढलं की भुवया वर जातात. तो वाद आज आपण बाजूला ठेवू. गुजरातच्या मुली आणि मराठी मुलींचा हात, एवढंच आम्हाला घ्यायचं आहे.

आता आमच्या घरांबद्दल.

त्या दिवशी परतताना रिक्षात आमच्यातली एक म्हणाली, "आमच्याकडे छोटी होती." दुसरी म्हणाली, "आमच्याकडेही होती. तिलाही छोटीच म्हणायचे." पाचांपैकी तीन घरांत छोटी निघाली. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. कोणी कोकणातून आणलेली, कोणी पंचमहालातून, कोणी दूरच्या नात्यातली गरीब. "मुलांना खेळायला सोबत" म्हणून आणायची. सोबत कसली, आम्ही शाळेत जायचो आणि ती धुणं वाळत घालायची. आमच्या आईने तिला कधी मारलं नाही. दिवाळीला नवा परकर-पोलका मिळायचा, आमच्या ताटातलंच जेवायची, फक्त आमच्यानंतर. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, भांडी दिली. आई शेवटपर्यंत म्हणायची, "तिच्यासाठी काय कमी केलं आपण?"

तिचं खरं नाव आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. हे आम्हाला फार लागलं.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या वाड्यात, पोळात अशी एखादी छोटी असेल. कोणाला दोष द्यायला आम्ही उभ्या नाही. ज्या राज्यात आपले आजोबा-पणजोबा नोकरीला आले, त्या बडोदे संस्थानाने १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. हिंदुस्थानात दुसरीकडे तेव्हा त्याची चर्चाही धड नव्हती. महाराज सयाजीरावांचा आपल्याला अभिमान आहे, तो असायलाच हवा. पण त्याच कायद्यात सक्तीचं वय मुलांसाठी सात ते बारा होतं आणि मुलींसाठी सात ते दहा. दहाव्या वर्षी मुलगी मोकळी. कशासाठी मोकळी, ते घराघराने आपापल्या परीने ठरवलं. त्या काळाच्या मानाने कायदा पुढचाच होता, तरी ही दोन वर्षांची तफावत आम्हाला बरंच काही सांगून गेली.

आजचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळांना माहीत नसतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याखाली १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलामुलींना घरकामाला, ढाब्यावर, हॉटेलात ठेवायला बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्यांना जवळजवळ सगळ्याच कामांवर बंदी आली. घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर मदत करणं, अशा काही सवलती तेवढ्या राहिल्या. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड किंवा दोन्ही. उचल देऊन अडकवून ठेवलं असेल तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागतो. मुलाला बांधून ठेवून राबवलं किंवा त्याची कमाई दाबली तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि तिथे अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. "सोळाची आहे, चालतं" असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकू येतं, म्हणून हे सांगितलं. तक्रारीसाठी १०९८ हा नंबर आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवतं. नाव न सांगता फोन करता येतो.

कायदा मुलीला त्या घरातून बाहेर काढतो. त्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. यावर सगळ्यात मोठं काम आमच्या माहितीत नेपाळमध्ये झालं आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊ.

नेपाळच्या पश्चिम तराईत दाङ, बाँके, बर्दिया, कैलाली, कञ्चनपूर हे जिल्हे आहेत. दाङ म्हणजे आपल्या डांगांशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. तिथे थारू समाज राहतो. जमिनी गेल्या, कर्ज वाढलं, माणसं पिढ्यान्‌पिढ्या सावकाराची वेठ करू लागली. त्यांना कमैया म्हणत. १७ जुलै २००० रोजी सरकारने कमैयांना मुक्त केलं. पण मुली राहिल्या. माघीला, म्हणजे आपण तिळगूळ वाटतो त्या संक्रांतीला, थारूंचं नवं वर्ष. त्याच दिवसांत दलाल यायचे आणि वर्षाच्या कराराने मुली घेऊन जायचे. सहा-सात वर्षांच्या सुद्धा. त्यांना कमलरी म्हणत. काठमांडूच्या शिकलेल्या घरांत, शिक्षकांच्या, वकिलांच्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या घरांत त्या राबायच्या. शिकलेल्या घरांत, हे आम्ही पुन्हा म्हणतो.

ओल्गा मरे नावाच्या अमेरिकन वकीलबाई १९८४ मध्ये साठीला टेकलेल्या असताना नेपाळला फिरायला गेल्या आणि पुढचं आयुष्य तिथल्या मुलांना दिलं. २०२४ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या नेपाळ यूथ फाउंडेशनने २००० साली दाङमध्ये एक अगदी साधा हिशेब मांडला. मुलगी विकून वर्षाला घरात जेवढं येतं, तेवढ्याच किमतीचं डुकराचं पिल्लू किंवा बकरी घ्या, वाढवून विका, आणि मुलीला शाळेत पाठवा, फी आम्ही भरतो. दिव्याला रॉकेलही द्यायचे, कारण घरात वीज नव्हती आणि मुलीने रात्री अभ्यास करायचा होता. हजारो मुली परत आल्या.

परत आल्या, पण कुठे? ज्या घरातून गेल्या तिथे आता धाकटी भावंडं ओळखत नव्हती. काहींना आपली थारू भाषा नीट येईना. चौदा वर्षांची मुलगी पहिलीच्या बाकावर सहा वर्षांच्या मुलांशेजारी बसायची. आईबापांवर राग, आणि राग येतो म्हणून स्वतःवर राग. काहींवर मालकाच्या घरात जे झालं होतं ते त्या कोणाजवळ बोलू शकत नव्हत्या. बाहेरून आलेल्या बाईने वही काढली की गप्प. तेव्हा सुटून आलेल्या मुलींपैकीच काही जणींना समुपदेशनाचं शिक्षण देऊन या कामाला लावलं गेलं. मग गाडी हलली.

आम्हाला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. या मुली नुसत्या ऐकत बसल्या नाहीत. त्यांनी गावोगाव मोर्चे काढले, रस्त्यावर नाटकं केली, दलालांना अडवलं. सहाव्या वर्षी विकली गेलेली उर्मिला चौधरी मुक्त कमलरींच्या संघटनेची अध्यक्ष झाली. शांता चौधरी, तीही कमलरी, २००८ साली नेपाळच्या संविधान सभेत निवडून गेली. २०१३ मध्ये एक बारा वर्षांची कमलरी मालकाच्या घरी भाजून मेली, तेव्हा या मुली काठमांडूच्या रस्त्यावर उतरल्या, लाठ्या खाल्ल्या, आणि २७ जून २०१३ रोजी सरकारला ही प्रथा संपल्याचं जाहीर करावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ पासून कागदावर पडलेला होता. त्यांच्या स्वतःच्या सहकारी पतसंस्थाही आहेत, मुक्त झालेल्याच मुली तिथे एकमेकींना कर्ज देतात.

आणि हे फक्त नेपाळात घडतं असं समजू नका. २०२२ साली आपल्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकरी मुलांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढपाळांकडे राबायला नेल्याचं उघड झालं, आणि ते उघड झालं एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. नाशिक म्हणजे इथून एका रात्रीचा प्रवास.

परत बडोद्याला येऊ, कारण आमची खरी चूक अजून सांगायची आहे.

वेण्या घालणारी मोठी मुलगी हे काम किती सहज करते, हे बघून आम्ही हुरळलो. ताईंनी तिला आणि आणखी दोघींना रीतसर शिकवायला घेतलं. सहा महिने लागले. काय शिकवलं? मुख्यतः काय करायचं नाही ते. सल्ला द्यायचा नाही. "माझं तर याहून वाईट होतं" असं म्हणायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, पण एखादी स्वतःला इजा करून घ्यायचं बोलली किंवा कोणी तिच्या अंगाला हात लावल्याचं बोलली, तर त्याच दिवशी ताईंना सांगायचं, आणि आपण सांगणार आहोत हे आधी त्या मुलीला सांगायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. विश्वास तुटेल अशी भीती वाटते. ताई म्हणतात, चोरून सांगितलं तर तुटतो, सांगून सांगितलं तर टिकतो.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग आम्ही उत्साहाने शनिवारबरोबर बुधवारही घेतला. नवी मुलगी आली की हिलाच बोलवायचं. एकदा रात्री नऊ वाजता फोन करून बोलावलं, कारण आलेली मुलगी किंचाळत होती. ती आली. आम्ही तिचं कौतुक केलं, महिला दिनाला मंडळातर्फे साडी आणि प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलं. आणि एक दिवस ती यायचीच थांबली. तीन आठवडे नाही. ताप, डोकेदुखी, झोप नाही. गॅलरीतला पाऊस तिच्या स्वप्नात परत आला होता. दर शनिवारी दुसरीचं ऐकता ऐकता तिचं स्वतःचं सगळं वर येत होतं आणि तिचं ऐकायला कोणीच नव्हतं. ताई त्या महिन्यात बाहेरगावी होत्या. आम्ही होतो, पण आम्ही तिला कामाला लावत होतो.

ती परत आली तेव्हा आम्ही साडी काढली. तिने साडी बाजूला ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मला महिन्याचे किती मिळणार?"

खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघींना राग आला. आम्ही याला सेवा म्हणत होतो, आम्ही स्वतः काही घेत नव्हतो, रिक्षाभाडंसुद्धा पदरचं. एकीच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासाठी काय कमी केलं गं आम्ही?"

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं. तेच वाक्य, शब्दाला शब्द, आईचं.

आम्ही निवृत्त आहोत, आमच्या घरात पेन्शन येतं, आमची सेवा परवडते. तिला शिवणाच्या मशीनवरचे तीन तास सोडून यावं लागतं. रात्री बोलावलं की यायचं, किती वेळ थांबायचं ते दुसऱ्याने ठरवायचं, पैसे विचारायचे नाहीत, वर "गुणी आहेस" म्हणून साडी घ्यायची. तिच्या लेखी यात आणि त्या गॅलरीत फरक काय होता? आम्ही एक नवी छोटी तयार करत होतो.

त्यानंतर कागदावर लिहून घेतलं. आता तिघी आहेत. प्रत्येकीला आठवड्यातून एकदा, शनिवारी तीन तास. महिन्याचं मानधन तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, पासबुक तिच्याजवळ. आजारपणाची रजा. रात्रीचा फोन आमच्यापैकी एकीला किंवा ताईंना, त्या तिघींना नाही. दर पंधरवड्याला ताई त्यांना तासभर देतात, तेव्हा नव्या मुलींबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. नको वाटलं तर त्या महिन्याचं काम सोडून देता येतं आणि कारण विचारलं जात नाही. एकीने दोनदा सोडलं, दोनदा परत आली. मानधन किती असावं यावर आमच्या विभागाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी तिघींनाच विचारलं. त्यांनी आम्ही म्हणत होतो त्यापेक्षा कमी आकडा सांगितला. आम्ही आमचाच ठेवला.

सगळं जमतं असं नाही. ती पहिली मुलगी, ओट्याखाली झोपणारी, आता सातवीत आहे आणि बालगृहातल्या सगळ्यांत भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हाला त्याचा आनंद वाटतो. कप ती आता फक्त स्वतःचा धुते, आणि तोही सांगितल्यावर. पण दुसरी एक, दाहोदकडची, आईबाप घ्यायला आले म्हणून समितीच्या आदेशाने घरी गेली. उत्तर गुजरातेत कपाशीच्या बियाणांच्या शेतात फुलांचं परागीकरण करायला बोटांनी चपळ मुली लागतात, हे इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आलं आहे. ती तिकडे गेली असं कानावर आलं. आम्ही कळवायचं तिथे कळवलं. ती सापडलेली नाही. आमच्या तिघींपैकी जी तिच्याशी बोलायची, तिने त्या महिन्यात रजा घेतली.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते. तिघींचं मानधन सध्या आमच्या भिशीतून जातं, ते मंडळाच्या वार्षिक अंदाजपत्रकात एक ओळ म्हणून यावं अशी आमची विनंती आहे. देणगी म्हणून नको. पुजारीबुवांची दक्षिणा आणि हॉलच्या रखवालदाराचा पगार ज्या पानावर असतो त्या पानावर. दुसरं, बालगृहाजवळ एखादी खोली शनिवारी दुपारी मिळाली तर हवी आहे, कारण बालगृहाच्या व्हरांड्यात बसून या मुलींना मोकळेपणी बोलता येत नाही. खुर्च्या नकोत, सतरंजी पुरे. आणि जुने फ्रॉक आता आणू नका. त्या म्हणतात, आम्हाला मापाचे शिवता येतात, कापड द्या.

आमच्यातल्या एकीने आपल्या घरच्या छोटीचं नाव शोधायला घेतलं आहे. वडिलांच्या जुन्या वह्यांत दर महिन्याला तिच्या गावी धाडलेल्या मनीऑर्डरीची नोंद सापडली, रुपये आठ, पण घेणाऱ्याचं नाव बापाचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव मात्र कळलं. दिवाळीनंतर जायचं ठरतं आहे.

त्या मोठीला आज इथे येऊन बसायला आम्ही बोलावलं होतं, बोलायला नव्हे, नुसतं ऐकायला. ती म्हणाली, "आज शनिवार आहे, माझं काम आहे." म्हणून ती तिकडे आहे.

प्रश्न असतील तर विचारा. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत.